कळसूबाईला पहिल्यांदा जाताय? परत फिरायची वेळ आधी ठरवा

कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, १६४६ मीटर. वाट मळलेली, अवघड जागी लोखंडी शिड्या आणि रेलिंग, सुट्टीच्या दिवशी पुढेमागे माणसंच माणसं. त्यामुळे आयुष्यातला पहिला ट्रेक म्हणून अनेक जण थेट इथेच येतात. त्यात गैर काही नाही. फक्त पायथ्याच्या बारी गावातून माथ्यापर्यंत आठशे मीटरहून अधिक चढाई आहे आणि बहुतेक वाट छातीवर येणारी आहे, हे ध्यानात असू द्या. गावात भुरभुर चालू असते तेव्हा माथ्यावर उभंही राहवत नाही असा वारा सुटलेला असू शकतो.

माझं ठाम मत आहे की या डोंगरावर नवखी माणसं अडचणीत येतात ती वाटेमुळे कमी आणि वेळेमुळे जास्त. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेलो, पैसे भरलेले, माथा समोर दिसतोय, मग आणखी अर्धा तास, आणखी एक शिडी असं होत जातं. हवा बिघडल्यावर घेतलेला निर्णय बहुधा उशिरा घेतलेला असतो. म्हणून परत कुठून आणि किती वाजता फिरायचं, हे आदल्या रात्री कोरड्या कपड्यांत बसून ठरवायचं.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नवख्यांसाठी सगळ्यात सरळ काळ. वाट कोरडी, आकाश मोकळं, माथ्यावरून अलंग-मदन-कुलंग, रतनगड हे किल्ले आणि भंडारदऱ्याचा जलाशय स्वच्छ दिसतो. पहाटे मात्र थंडी चांगलीच बोचते. मार्चनंतर डोंगर उघडाबोडका होतो, सावली जवळपास नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळवाचे ढग चढायला लागतात. ऑक्टोबरात परतीचा पाऊस असाच दुपारी, विजा घेऊन येतो.

पावसाळ्याची ओढ सगळ्यांनाच असते, मलाही आहे. पण पहिलाच ट्रेक असेल तर जुलैचा धो-धो पाऊस टाळा आणि ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात जा. हिरवाई तीच असते, ओढे जरा शांत झालेले असतात. आणि शक्यतो आडव्या दिवशी जा. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांगा लागतात. त्या रांगेत अर्धा-पाऊण तास भिजत उभं राहणं म्हणजे अंगातली ऊब घालवणं, आणि आखलेलं वेळापत्रकही तिथेच कोलमडतं.

हवामानाचा अंदाज नीट वाचा

इथे एक गोम आहे. बारी गाव अकोले तालुक्यातलं, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातलं. हा जिल्हा पूर्वेकडे पार अवर्षणी भागापर्यंत पसरलाय. त्यामुळे संपूर्ण जिल्ह्यासाठी दिलेला इशारा कळसूबाईला लागू पडेलच असं नाही. हा डोंगर नाशिकच्या इगतपुरी तालुक्याच्या हद्दीवर, सह्याद्रीच्या मुख्य रांगेजवळ उभा आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग या रांगेला आपटून वर चढतात, गार होतात आणि तिथेच रिते होतात. पाऊस पडतो तो घाटाचा, जिल्ह्याच्या सरासरीचा नव्हे. म्हणून भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यांमध्ये ‘नाशिक घाट’ असा वेगळा उल्लेख असतो, तो आधी पाहा.

इशारा लाल असेल तर घरी बसा. नारिंगी असेल तरी नवख्यांनी जाऊ नये. त्याचा अर्थ बहुतेक वेळा जोरदार ते अतिजोरदार पाऊस असा असतो, आणि हवामान विभागाच्या भाषेत ‘जोरदार’ची सुरुवातच चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून होते. पिवळा असेल तर कारण वाचा. नुसता पाऊस वेगळा आणि ‘विजांच्या कडकडाटासह’ वेगळा. निघण्याआधी तीन तासांचा तातडीचा अंदाजही बघा. मोबाइलवर ‘दामिनी’ हे अ‍ॅप घेऊन ठेवा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने ते बनवलंय आणि आसपास वीज पडत असेल तर ते सूचना देतं.

सगळ्यात भरवशाचा अंदाज गावातून मिळतो. बारीत ज्यांच्याकडे जेवण सांगितलंय त्यांना आदल्या दिवशी फोन करा. ‘पाऊस आहे का?’ असं विचारू नका, उत्तर ‘हाय थोडा’ असंच येईल. विचारा, “मामा, ओढ्याला पाणी किती आहे? आज कोणी वर जाऊन आलं का?” या दोन प्रश्नांची उत्तरं नेमकी मिळतात.

पाठीवर काय, पायात काय

बुटांचा तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा हवा. धावण्याचे झिजलेले बूट ओल्या कातळावर सपशेल घसरतात. कोरे बूट घालून येऊ नका, आधी आठवडाभर वापरा. पायाची नखं कापा, नाहीतर उतरताना अंगठे पुढे आपटून काळेनिळे होतात.

जीन्स नको. भिजली की जड होते, गुडघ्यात अडते आणि वाळत नाही. सुती टी-शर्टचंही तेच. व्यायामाला वापरतात तसे पटकन वाळणारे कपडे घाला. कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड आणि एक स्वेटर जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये ठेवा. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं, शिवाय पाठीच्या बाजूने पाणी आत शिरतंच. त्यापेक्षा कचऱ्याची मोठी काळी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी लावणं कितीतरी चांगलं. पावसासाठी जॅकेट घ्या. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट, सपाटीवर ठीक आहे, पण शिडीवर वाऱ्याने फडफडतो आणि स्वतःची पावलं दिसेनाशी होतात. छत्री गावातच ठेवा.

माणशी तीन लिटर पाणी, हिवाळ्यात दोन. चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर, ठेपले. वाटेत लिंबूपाणी आणि भजीच्या टपऱ्या असतात, त्यांच्याकडून जरूर घ्या, गावाला त्याचा आधार आहे. पण मुसळधार पावसात किंवा आडव्या दिवशी त्या बंद असू शकतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर जाऊ नका. डोक्याला बांधायची विजेरी प्रत्येकाकडे स्वतःची हवी, दिवसाचा ट्रेक असला तरी. याशिवाय शिट्टी, बँडेज, ओआरएसची पाकिटं आणि स्वतःची औषधं. दम्याचा पंप किंवा मधुमेहाची गोळी सॅकच्या तळाशी नको, हाताशी ठेवा आणि सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवा.

आदल्या रात्रीची बैठक

जेवण झाल्यावर सगळ्यांनी दहा मिनिटं एकत्र बसा. पुढे कोण चालणार आणि सगळ्यात शेवटी कोण, हे ठरवा. शेवटच्या माणसाच्या मागे आपल्यातलं कोणीही राहायचं नाही. चाल ठरते ती सगळ्यात हळू चालणाऱ्यावरून. त्याला पुढून दुसरा ठेवा म्हणजे तो मागे पडत नाही, आणि ‘माझ्यामुळे उशीर होतोय’ असं त्याला वाटत राहत नाही.

मग वेळा ठरवा. नवख्यांना वर जायला साडेतीन ते चार तास धरा, उतरायला तीन. सहाला निघालात तर दहाच्या सुमारास माथा. पावसाळ्यात आणि वळवाच्या दिवसांत माझा आग्रह असतो की अकराला, जिथे असाल तिथून, मागे फिरायचं. माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. दुपारनंतर विजांचा धोका वाढतो, आणि खालच्या ओढ्याचं पाणी चढायला लागलं तर हाताशी दिवसाचा उजेड उरलेला हवा.

वाटेवर थांबून विचार करायच्या तीन जागा आहेत: गावाबाहेरचा ओढा, पहिल्या शिडीचा पायथा आणि शेवटच्या शिडीआधीची विहिरीजवळची सपाटी. तिथे प्रत्येकाला विचारायचं, जाऊया का? एकानेही मनापासून नको म्हटलं तर वाद न घालता फिरायचं. हा नियम रात्रीच मान्य करून घ्या. वाटेत, थकलेल्या आणि भिजलेल्या अवस्थेत, भित्रा ठरायच्या भीतीने कोणी तोंड उघडत नाही.

घरी कोणाला तरी लिहून पाठवा: कुठून चढणार, किती वाजता खाली येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची.

बारी आणि ओढा

मुंबईकडून कसारा किंवा इगतपुरी गाठून घोटीमार्गे, आणि पुण्याकडून संगमनेर-अकोले-राजूरमार्गे बारीला पोचता येतं. चढायच्या आधी पोट हलकं भरा. कांदेपोहे आणि चहा पुरे. तिखट मिसळ उतरल्यावर.

गाव सोडलं की ओढा लागतो. सकाळी तो निरागस दिसतो, घोट्याएवढं पाणी असतं. जाताना त्याच्याकडे नीट बघून घ्या. पाण्याबाहेर डोकावणारा एखादा मोठा दगड हेरा आणि त्याचा फोटो काढा. परत येताना तो दगड बुडालेला दिसला तर पाणी किती चढलं ते कळेल. डोंगरावर तासभर कोसळलेला पाऊस थोड्याच वेळात इथे पोचतो. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज घोगरा झाला, तर वर जोराचा पाऊस झालाय असं समजा.

पाणी गुडघ्याच्या वर आणि ओढ असलेलं असेल तर उतरायचं नाही. दोरी धरून नाही, हातात हात गुंफूनही नाही. पाऊस ओसरला की असे डोंगरी ओढे काही तासांत उतरतात. उंच, सुरक्षित जागी थांबा, कोरडे कपडे घाला, खाऊन घ्या, गावात फोन करा. गावकऱ्यांना कुठून पार करता येतं ते ठाऊक असतं, आणि ते थांबा म्हणाले तर थांबायचं. गुडघ्याखालचं पाणी पार करतानाही सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पाय घसरलाच तर ओझं टाकून देता येतं.

चढ

शेताच्या बांधांवरून वाट डोंगराला भिडते. खालच्या अंगाला कळसूबाईचं एक देऊळ आहे. ज्यांना वर जाणं झेपत नाही ते इथूनच हात जोडतात. नवरात्रात पंचक्रोशीतली माणसं, त्यात म्हातारी माणसंसुद्धा, हा डोंगर चढून देवीच्या दर्शनाला जातात. त्यांची चाल बघण्यासारखी असते, कुठे घाई नाही आणि कुठे उगाच बसणं नाही. तशीच चाल धरा. बोलता बोलता चालता येईल इतकाच वेग ठेवा. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे. दर पाच मिनिटांनी बसकण मारण्यापेक्षा सलग पण सावकाश चालणं बरं. उभ्यानेच दोन मिनिटं थांबा, दोन घोट पाणी घ्या आणि पुढे चला.

पाऊल पूर्ण टेकवा. ओल्या कातळावर काळपट, चकचकीत दिसतं ते शेवाळ. खडबडीत, फिकट दगड शोधून त्यावर पाय द्या. मुरमाड घसाऱ्यावर छोटी पावलं टाका. आधाराला गवत किंवा कारवीचं झुडूप धरू नका, मुळासकट हातात येतं. पायाखालून दगड सुटला तर लाज न बाळगता ‘दगड, दगड!’ असं ओरडा. आवाज आला की वर बघायचं नाही, डोंगराच्या अंगाला चिकटायचं.

बारीकडून चढताना एक अडचण असते आणि ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपण डोंगराच्या पूर्व अंगाला असतो. पावसाळ्यात ढग येतो पश्चिमेकडून, म्हणजे डोंगराच्या मागून. तो बराच वेळ दिसतच नाही. म्हणून माथ्याकडे बघत राहा. धारेवरून ढगाचे लोट आपल्या बाजूला सांडायला लागले, वारा अचानक गार झाला, पक्ष्यांचे आवाज थांबले, तर पुढची पंधरा-वीस मिनिटं हाताशी आहेत असं समजून पावसाळी जॅकेट चढवा आणि सगळ्यांना एकत्र आणा. वळवाचे ढग मात्र पूर्वेकडूनही उठतात, तेव्हा पाठीमागेही नजर टाकत जा.

शिड्या

शिडीवर दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले हवेत. एक हलवायचा, तो पक्का झाला की दुसरा. हातात मोबाइल, काठी, पाण्याची बाटली काही नको. काठी घडी करून सॅकला बांधा. अंगठ्या रात्रीच काढून ठेवा, लोखंडात अडकून बोटाला गंभीर इजा होते. एका टप्प्यावर एका वेळी एकच माणूस. मागून कोणी घाई करत असेल तर त्याला पुढे जाऊ द्या, आपण मध्येच वेग वाढवायचा नाही.

उतरताना तोंड शिडीकडे. खूप जण पायऱ्या उतरल्यासारखे दरीकडे तोंड करून उतरतात. ओल्या लोखंडावर टाच सरकली की पकडायला काही नसतं. दृष्टिभय, म्हणजे खोली बघून भीती, वाटत असेल तर खाली न बघता फक्त पुढची पायरी बघा. सोबतच्या अनुभवी माणसाने एक टप्पा खाली उभं राहून ‘डावा पाय आणखी थोडा खाली, हां, टेकला’ असं शांतपणे बोलत राहायचं. ओरडायचं नाही, चिडवायचं नाही आणि त्या वेळी व्हिडिओ तर अजिबात काढायचा नाही.

पहिल्या शिडीच्या पायथ्याशी वारा असा असेल की उभ्या जागी तोल जातोय, तर तिथूनच मागे. शिडीवर तो वाढतो, कमी होत नाही.

वीज

या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. ध्वनी एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद घेतो. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची तुमच्यावरही पडू शकते. लगेच खाली फिरायचं. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं होईपर्यंत पुन्हा वर जायचं नाही.

माथा, धार, एकटं झाड, शिड्या, रेलिंग यांपासून लांब व्हा. वीज दूर कुठे पडली तरी प्रवाह लोखंडातून धावतो. माथ्यावरचं छोटं देऊळ किंवा कातळातली उथळ कपार आसरा वाटते, पण विजेपासून त्यांचा बचाव नाही. तुमच्या आणि मोकळ्या उतरणीच्या मध्ये शिडी असेल आणि वीज अगदी जवळ असेल, तर शिडीला हात न लावता तिच्यापासून दूर, उतारावर सखल जागी थांबा. घोळक्याने नको, एकमेकांत वीस पावलांचं अंतर ठेवा. सॅकवर उकिडवे बसा, दोन्ही पाय जुळवून, डोकं खाली. आडवं पडायचं नाही.

कोणावर वीज पडलीच तर त्याला हात लावल्याने शॉक बसत नाही. श्वास चालत नसेल तर तत्काळ छातीवर दाब देऊन सीपीआर सुरू करा. अशा वेळी वाचण्याची शक्यता खरोखर असते. त्यासाठी गटातल्या दोघांनी तरी सीपीआर शिकून घ्यावं.

धुकं आणि माथा

ढग उतरला की दहा पावलांवरचं दिसत नाही. मळलेली वाट असली तरी ढोरवाटा फुटतात आणि लघवीला बाजूला गेलेला माणूस भलतीकडे उतरतो. सगळे एकमेकांच्या नजरेत राहा. चुकलो अशी शंका आली तर थांबा, शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत, म्हणजे रेलिंग, शिडी किंवा टपरीपर्यंत, आल्या वाटेने परत जा. नवीन वाट काढत खाली उतरू नका, सह्याद्रीत अशी उतरण बऱ्याचदा कड्यावर संपते. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून ठेवा. शिट्टीचा संकेत: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा.

विहिरीजवळच्या सपाटीवर शेवटचा विचार करा. पुढे एक शिडी आणि उघडा माथा, आडोसा नाही. घड्याळ बघा, सगळ्यांचे चेहरे बघा. हवा साथ देत असेल तर जा, देवीला नमस्कार करा आणि पश्चिमेकडे बघा. कुलंग दिसेनासा झाला, मग मदन, मग अलंग, असं एकेक शिखर ढगात जात असेल तर तो ढग तुमच्याकडेच निघालाय. फोटो आवरते घ्या.

उतार आणि दुखणी

पाय थरथरत असतात, लक्ष जेवणाकडे लागलेलं असतं, म्हणून पडायला होतं ते उतरताना. पळत उतरू नका. गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका, घसाऱ्यावर आडवं वळून उतरा.

बारा-पंधरा अंश थंडीच माणसाला गारठवते असं नाही. पावसात चिंब भिजून वाऱ्यात थांबलेला माणूस अठरा-वीस अंशांतही गारठतो. आधी थरथर, मग बोटांना चेन लावता येत नाही, बोलणं जड होतं, माणूस हट्टी किंवा गप्प होतो. ‘मी ठीक आहे’ यावर विश्वास ठेवू नका. आडोशाला न्या, ओले कपडे काढून कोरडे घाला, डोकं झाका, वरून प्लास्टिकची मोठी पिशवी गुंडाळा, शुद्धीत असेल तर गोड आणि गरम काहीतरी द्या. दारू नको, हातपाय चोळणं नको. नीट चालता येत नसेल तर मदत मागवा.

तातडीच्या मदतीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. डोंगरातल्या बचावासाठी राज्यातल्या गिर्यारोहकांचं महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर आहे, त्यांचा मदत क्रमांक घरूनच मोबाइलमध्ये साठवून आणा. फोनवर सांगा: कोणत्या टप्प्यावर आहात, किती जण, कोणाला काय झालंय, तो चालू शकतो का. मग फोनची बॅटरी वाचवा आणि जागा सोडू नका.

खाली पोचल्यावर आधी घरी कळवा, मग ओले कपडे बदला आणि गरम पिठलं-भाकरी खा. रात्रभर जागून आलेल्याने लगेच गाडी चालवायला बसू नये. दोन तास झोपू द्या किंवा दुसऱ्याच्या हाती चावी द्या, कारण मुंबईला जायचं तर अजून कसारा घाट उतरायचाय.